पाणी चढलं तर

समुद्रात पवनचक्की तरंगते, हे आबांना पटवायला मला दोन दिवाळ्या लागल्या. पवनचक्की त्यांना नवी नव्हती. बालाघाटाच्या माथ्यावर चक्क्या उभ्या राहिल्या तेव्हा पात्यांचे लांबलचक ट्रेलर आमच्या फाट्यावर वळताना अडकले होते आणि गावातली निम्मी माणसं कामधंदा टाकून ते बघायला गेली होती. पण त्या चक्क्या डोंगरात काँक्रीट ओतून रोवलेल्या. एवढं धूड पाण्यावर सोडायचं आणि ते सरळ उभं राहील म्हणायचं, म्हणजे पोरगी परदेशात जाऊन थापा मारायला शिकली, असं माझ्या बापाचं ठाम मत.

मी उत्तरेकडच्या एका थंड बंदरात नोकरी करते. किनाऱ्याजवळ समुद्र उथळ असतो, तिथं चक्कीचा खांब तळात ठोकता येतो. खरा वारा मात्र आत, खोल पाण्यावर. तिथं तळाला पोचेल असा खांब कोण करणार? म्हणून खांबाखाली पोलादाचा पोकळ तराफा करतात, तीन जाड पायांचा, आणि तो साखळ्यांनी समुद्राच्या तळाशी बांधून ठेवतात. माझं काम त्या साखळ्यांचं. किती जाड, किती लांब, किती ढील. वर फिरणारी पाती सगळ्यांना दिसतात, फोटो त्यांचे निघतात. साखळीला कुत्रं विचारत नाही. मला ते बरं वाटतं.

हे सगळं फोनवर ऐकून झाल्यावर आबांनी एकच विचारलं, ते पाणी गोडं आहे का. खारं आहे, असं मी म्हटलं. मग म्हणाले, एवढं पाणी आन पेता येत न्हाई, मंग तू तिथं ऱ्हातीस कशाला. मला हसू आलं आणि रागही आला. कारण तरंगणं मी परदेशात शिकलेच नव्हते. ते मी शिकले माजलगाव धरणाच्या मागच्या पाण्यात, आणि शिकवताना मास्तर म्हणून आबाच होते.

आमचं गाव त्या मागच्या पाण्याच्या काठावर. गावच्या शेतकऱ्यांनी मिळून उपशाची सहकारी सोसायटी काढलेली. काठाला एक खोल विहीर बांधली होती, तिला जॅकवेल म्हणायचे. धरणाचं पाणी तिच्यात यायचं आणि मोटार ते उचलून पाइपातून शेतांवर टाकायची. आबा त्या मोटारीचे ऑपरेटर. कुणाची पाळी कधी, व्हॉल्व्ह किती फिरवायचा, हे सगळं त्यांच्या हातात. सोसायटीला चेअरमन होते, संचालक होते, पण शेडची चावी आबांच्या खिशात असायची. आमच्या गावात खरा मान त्या खिशाला होता. रस्त्यानं जाताना लोक आधी आबांना रामराम घालायचे आणि मग चेअरमनला. मला त्याचा लई तोरा होता.

मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होते तेव्हा सलग दुसरा दुष्काळ पडला. धरणाचं पाणी इतकं मागं हटलं की जॅकवेल चिखलात उघडी पडली. निम्मं गाव ऊस तोडायला लांब गेलं होतं, ते परतलं तर गावात प्यायला टँकर आणि जनावरांना छावणी. मागं राहिलेल्यांनी थोडा ऊस आणि चारा कसाबसा जगवला होता. पाणी समोर दिसत होतं, हाकेच्या अंतरावर चमकत होतं, पण मोटारीचं तोंड तिथवर पोचत नव्हतं. सोसायटीची बैठक बसली. जो तो दुसऱ्यावर ओरडत होता. मी सुट्टीला आलेली, अर्ध्या हळकुंडानं पिवळी झालेली, बायकांच्या बाजूनं उठून म्हणाले की पाणी मोटारीकडं येत नसेल तर मोटार पाण्यात न्या. रिकाम्या टिपाडांवर तराफा करा आणि मोटार त्यावर ठेवा. चेअरमन हसून म्हणाले, आता ही मोटारीला पवायला शिकवणार. सगळे हसले. आबा हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी साखर कारखान्यातून तेलाची रिकामी टिपाडं ट्रॅक्टरमध्ये घालून आणली आणि मला म्हणाले, सांग किती लागतील.

मी वहीत मांडलं तर बारा आली. आबांनी चौदा लावली. माझा अपमान झाला म्हणून मी दिवसभर बोलले नाही. वेल्डरनं अँगलची चौकट जोडली, टिपाडं आत बसवली, दहा-बारा जणांनी मिळून ते धूड चिखलावरून ढकलत नेलं. पाण्यात गेल्यावर ते एकदा डुचमळलं आणि गप उभं राहिलं. आबा आधी चढले. मग मोटार चढवली. रबरी पाइप जॅकवेलपर्यंत ओढला, बटण दाबलं आणि पाइपानं पाण्यानं भरून अंग फुगवलं. चेअरमननं माझ्या डोक्यावर हात ठेवला. त्या उन्हाळ्यात गावातला चारा जगला. चौदाच्या जागी बारा टिपाडं असती तर मोटारीसकट आबा बुडाले असते, हे मला पुढं नोकरीत कळलं. मी हिशेबात मोटार धरली होती. ती सुरू करायला वर चढणारा माणूस धरलाच नव्हता.

आता बांधायचं कसं. वारं सुटलं की तराफा फिरायचा आणि रबरी पाइपाचा सांधा निसटायचा. म्हणून चिखलात चार पहारी ठोकून तारेचे दोर गच्च आवळले. तसूभर ढील नाही. पाणी रोज वीतभर उतरायचं. संध्याकाळी आबा पहारी उपटायचे, तराफा पुढं सरकवायचा, पुन्हा ठोकायच्या, पुन्हा गच्च. चेअरमननं नाही, वेल्डरनं नाही, आबांनी नाही आणि इंजिनिअर होणाऱ्या मी तर नाहीच नाही, कुणीही विचारलं नाही की पाणी चढलं तर काय. दोन वर्षं पाणी फक्त उतरताना पाहिलेली माणसं आम्ही. दुसरीकडच्या माणसानं ही चूक केलीच नसती. आमच्या लेखी पाण्याला उतरण्याशिवाय दुसरा धंदाच नव्हता.

सुट्टी संपली. हॉस्टेलनं जागा नाकारली होती, पुण्यात खोली शोधायची होती आणि पालकाची सही लागत होती. मी आबांना म्हटलं, तुम्ही चला. ते म्हणाले तराफा कोण सरकवणार. मामाला ने. मी हट्टाला पेटले. मामाला काय कळतं, तुम्ही आलात तरच जाते, नाहीतर शिक्षण गेलं खड्ड्यात. आणि वर मीच म्हणाले, "एक दिवस नाही सरकवला तर काय होतंय आबा? पाणी काय पळून जातंय?" मी पेटी घेऊन आदल्या दिवशीच माजलगावला मामाकडं गेले होते. आबा पहाटेच्या दुधाच्या गाडीनं आले आणि तिथून आम्ही एसटीनं पुण्याला गेलो. खोली मिळाली, सही झाली. संध्याकाळच्या गाडीत बसताना त्यांनी खिडकीतून विचारलं, तुला भूक लागली असंल ना. चार वेळा विचारलं. मी घाईत होते.

त्याच दिवशी वरच्या अंगाला कुठंतरी मोठा पाऊस झाला आणि धरणाच्या सिंदफणा नदीला पाणी आलं. आमच्या गावावर ऊन तापलेलं, ढगाचा पत्ता नाही आणि धरण चढायला लागलं. माणसं आधी आनंदानं काठावर धावली, हात जोडले, पोरांना पाण्यात बुडवून काढलं. मग कुणाचं तरी तराफ्याकडं लक्ष गेलं. चारी दोर ताठ. पाणी वर जात होतं आणि दोर तराफ्याला खाली धरून बसले होते. दोर सोडवायला पान्हे हवेत, पान्हे शेडात, शेडला कुलूप, चावी आबांच्या खिशात आणि आबा माझ्यासोबत. कुलूप दगडानं फोडेपर्यंत एका बाजूच्या पहारी उपटल्या, दुसऱ्या बाजूच्या टिकल्या, तराफा तिरपा झाला आणि मोटार पाण्यात गेली. मला आठवड्यानं आबांचं पत्र आलं. पाणी आलं, मोटार बुडाली, तू अभ्यास कर.

मी अभ्यास केला. आधी एका जहाजाच्या यार्डात चिकटले, मग तरंगत्या चक्क्यांच्या कामात शिरले. तेव्हा त्या चक्क्या फक्त कागदावर आणि हौदात होत्या. मोठ्या हौदात कृत्रिम लाटा काढायचे आणि हातभर लांबीचं खेळणं त्यात सोडायचं. कुणी उभ्या मुसळासारखं लांबोडं अंग पाण्यात बुडवून बघत होतं, कुणी सपाट परात, कुणी तीन पायांचा त्रिकोण. आम्ही त्रिकोण धरला, कारण तो बंदराच्या उथळ पाण्यात जोडता येतो आणि टगबोटी लावून ओढत नेता येतो. हौदातल्या खेळण्यापासून पुरुषभर उंचीचं मॉडेल, मग समुद्रात सोडलेली एक छोटी चक्की, तिचे दोन हिवाळे, मग खरी. कित्येक वर्षं गेली. या सगळ्या वर्षांत कुठलाही नकाशा टेबलावर आला की मी आधी विचारायची, सगळ्यात जास्त पाणी किती चढेल आणि तेव्हा साखळीला ढील किती उरेल. बाकीचे गालातल्या गालात हसायचे. साखळीला ताण देऊन धरायचं नसतं. ती पोट सोडून लोंबते, तळावर बरीचशी नुसती लोळते, तराफा सरकला की तिचं ओझंच त्याला मागं ओढतं. वीज आणणारी केबलसुद्धा अशीच सैल सोडतात. हे माझ्या साहेबांनी मला शिकवायची गरज पडली नाही.

आबांना यातलं एकच आवडलं. वारा जोरात आला की चक्की कलते, तेव्हा एका पायातलं पाणी दुसऱ्या पायात ढकलून तिला सरळ करतात. म्हणजे आत मोटार असते. हे ऐकल्यावर त्यांचा फोनवरचा आवाजच बदलला. किती एचपीची, पाणी कुठून घेते, बिघडली तर वर कोण चढतं. मी म्हटलं, तुम्ही या, दाखवते. पासपोर्ट काढला, पोलीस चौकशीला आले त्यांना आईनं चहा पाजला, माझा चुलतभाऊ गावभर सांगत सुटला. तिकीट काढायची वेळ आली की आबा माघार घ्यायचे. यंदा नको. पाणी कमी हाय. यंदा नको, पाणी जास्त हाय.

पहिली खरी चक्की बंदरातून निघाली त्या दिवशी बाकीच्यांच्या घरची माणसं धक्क्यावर आली होती, थर्मासमधून कॉफी पीत होती. तीन टग पुढं, आणि मागं ती, डोंगराच्या चालीनं निघालेली. सगळे टाळ्या वाजवत होते. मला रडू फुटलं आणि लोकांना वाटलं आनंदानं. मला आबा हवे होते. धोतर, टोपी, वर मी घेतलेला जाडजूड कोट अशा अवतारात ते माझ्या शेजारी उभे असायला हवे होते आणि त्यांनी मान हलवत काहीतरी खोड काढायला हवी होती. दुसऱ्या कुणाच्याही कौतुकाचं मला काही सुख नव्हतं. फोन लावला तर ते शेडात होते, रेंज नव्हती.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात मी रागारागात गावाला गेले. आता सोबत घेऊनच येते, बघते कसे येत नाहीत, असं ठरवून गेले. आबा धरणावर होते. आईला म्हटलं, हे असं काय करतात, माझ्याकडं एकदा यायला त्यांना काय धाड भरलीय. आई दळण निवडत होती. तिनं सूप खाली ठेवलं आणि मला जे कधीच कळलं नव्हतं ते सांगितलं.

मोटार बुडाली त्यानंतर बैठक झाली होती. आबांना उभं करून विचारलं, कुठं गेलता. आबा म्हणाले, माझी चूक झाली, परळीला सोयऱ्याकडं लग्नाच्या पंगतीला गेलतो. गावाच्या पाण्याला सोडून हा बाबा जेवायला गेला! लोकांनी त्यांना नाही नाही ते ऐकवलं. पुढं वर्षभर पोरंसुद्धा त्यांना बुंदी मिळाली का म्हणून विचारायची. आबांनी चावी चेअरमनच्या हातात दिली आणि दुसऱ्याच्या शेतात मजुरीला गेले. त्या वर्षी ते मला सुट्टीलाही पुण्यातच थांब म्हणाले होते, ते यासाठी. दोन ऑपरेटर आले आणि गेले, तेव्हा सोसायटीनंच येऊन पुन्हा चावी दिली. त्या दिवसापासून ते एकदाही धरण सोडून मुक्कामाला गेले नाहीत. सख्ख्या भाचीच्या लग्नाला धर्मापुरीला गेले, अक्षता टाकल्या आणि न जेवता परत आले.

मी आईवर ओरडले की खरं का नाही सांगितलं. मला सोडायला आले होते, त्यात लाज कसली.

"तराफा तुझ्या डोक्यातला, आन त्या दिवशी माणूस नेलेला बी तूच," आई म्हणाली. "हे कळलं असतं तर गावानं तुला पुढं शिकू दिलं असतं व्हय?"

मी धरणावर गेले. पाणी पुन्हा तसंच मागं हटलेलं, तराफा तसाच, टिपाडं आता प्लास्टिकची. आबा त्यावर बसून पाइपाच्या सांध्याला दोरी गुंडाळत होते. मी चढून त्यांच्याजवळ बसले. दोर मोठमोठी वेटोळी करून ठेवलेले होते. मी विचारलं ढील किती ठेवता, तर म्हणाले दोन पुरुष. म्हणजे दोन माणसं एकावर एक उभी राहतील एवढं पाणी चढलं तरी चालेल. भर उन्हाळ्यात, जिथं वीतभरही चढायची आशा नव्हती, तिथं. मला आईनं काय सांगितलं ते मी बोलले नाही. माझी मान वर होत नव्हती. मी फक्त म्हटलं की आबा, पंधरा दिवस चला, श्रावणाशिवाय इथं थेंब येणार नाही.

"आन मी तुझ्याकडं आलो, आन पाणी आलं तर?"

एवढंच बोलले, तेही रागानं नाही. मी एकटीच परत गेले.

आमच्या बंदराकडं वादळाचे दिवस म्हणजे दिवाळी ते संक्रांत. दुसऱ्या वर्षी पाच चक्क्यांची रांग समुद्रात बांधून झाली आणि त्यांचा पहिलाच हिवाळा लागला. मोठं वादळ येतंय असा इशारा आला त्याच सकाळी आईचा फोन आला. आबांच्या छातीत दुखलं, बीडला दवाखान्यात नेलंय, बोलतात, पण तू ये. मी साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, जा, आत्ता नीघ, इथं आम्ही सगळे आहोत. तिकीटही मिळत होतं. मी म्हटलं, वादळ जाऊ दे, दोन दिवसांचा प्रश्न आहे. मी पडद्यासमोर बसले. साखळ्यांवरचा ताण आकड्यांत दिसतो तिथं. वादळ आलं. चक्क्या झुकल्या, पायातल्या मोटारी चालू झाल्या, पुन्हा सरळ झाल्या. आकडा एकदाही लाल झाला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी आबा गेले.

मी पोचले तेव्हा राख सावडून झाली होती. दारात सोसायटीची माणसं बसलेली, म्हातारे चेअरमनही होते. कुणीतरी विचारलंच, एकुलती एक लेक, कावून वेळेवर आली न्हाई. मी तोंड उघडायच्या आत आई दारात आली.

"तिच्याकडं पाणी चढलं व्हतं," ती म्हणाली. "सोडून कशी येईल?"

चेअरमननी मान हलवली. सगळ्यांनीच हलवली. त्या गावात या कारणापुढं कुणी बोलत नाही आता.

माणसं गेल्यावर मी आईला आत घेऊन बसले. म्हटलं, आई, तिकडं काहीच झालं नाही. साहेब जा म्हणत होते. साखळी जागची हलली नाही, मी नसते तरी सगळं तसंच राहिलं असतं. मला येता आलं असतं.

आईनं माझा हात हातात घेतला.

"मला सांगितलंस, बास," ती म्हणाली. "आता दुसऱ्या कुणाला सांगू नको."

आईचं एवढं एक मी ऐकलं नाही, म्हणून हे सांगितलं.